अथ्शेला मीठ लागत नाही

२०२३ च्या मार्चमध्ये आलापल्लीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरहून अयोध्येला रवाना झालं, राममंदिराच्या दारांसाठी. लाकडाची पूजा झाली, शोभायात्रा निघाली, भाषणं झाली. चांगल्या लाकडासाठी माणसाचा हात किती लांब पोचू शकतो याचा अंदाज घ्यायचा असेल, तर उर्सुला ले ग्विन यांची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही छोटेखानी कादंबरी वाचावी. तिच्यातल्या पृथ्वीवर जंगल उरलेलं नाही, लाकडाला सोन्याच्या वरचा भाव आहे, म्हणून २७ प्रकाशवर्षांवरच्या अथ्शे नावाच्या ग्रहावर तोड चालू आहे. अथ्शेवर समुद्र आहे आणि बेटांवर जंगल आहे, बाकी काही नाही. जंगलात अंगावर हिरवी लव असलेली, मीटरभर उंचीची माणसं राहतात. पृथ्वीवरून गेलेले लोक त्यांना पकडून वेठीला धरतात आणि कागदावर ‘ऐच्छिक मजूर’ असं लिहितात.

वेठ म्हणजे काय हे गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजची म्हातारी माणसं जमीनदाराच्या आणि जंगलखात्याच्या फुकट कामांबद्दल आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेलं सांगतात. त्यामुळे इथल्या आश्रमशाळेत शिकवता शिकवता ही कादंबरी हाती लागली, तेव्हा पहिली वीस-तीस पानं मी विज्ञानकथा म्हणून वाचूच शकलो नाही. ले ग्विनबाईंनी ती १९६८ मध्ये लंडनला बसून लिहिली. डोक्यात व्हिएतनाम होतं: वरून टाकलेला नापाम, औषध मारून निष्पर्ण केलेली झाडं. १९७२ मध्ये ती एका कथासंग्रहात आली, १९७३ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, १९७६ मध्ये स्वतंत्र पुस्तक झालं. यातलं काहीच ठाऊक नसलेल्या वाचकालाही ती आपल्या तालुक्यावर लिहिल्यासारखी वाटावी, हे तिचं यश. आणि माझी तक्रार सुरू होते तीही तिथूनच. आपल्यावर लिहिल्यासारखी वाटते, पण ज्या ठिकाणी ती आपल्यावर नाही, त्या ठिकाणी ती आपली दिशाभूल करते.

आधी तिच्या बाजूचं बोलू. ‘अवतार’ हा सिनेमा २००९ मध्ये आला तेव्हा अनेकांना या कादंबरीची आठवण झाली होती. जंगल, खाण, उंच निळी माणसं, बाहेरून आलेला सैनिक त्यांचा होतो आणि त्यांना लढाई जिंकून देतो. ले ग्विन असला सौदा करत नाहीत. त्यांच्या कादंबरीत लढाई जंगलाचाच माणूस करतो. त्याचं नाव सेल्व्हर. कॅप्टन डेव्हिडसनने त्याच्या बायकोवर बलात्कार केला, त्यात ती मेली. अथ्शेच्या लोकांना खून माहीत नाही. भांडण झालं तर ते गाण्याची चढाओढ लावतात आणि तिथेच विषय मिटतो. सेल्व्हर त्यांना मारायला शिकवतो. शिकवतो म्हणजे मुक्काम जाळतो आणि नंतर मुख्य वसाहतीवरच्या हल्ल्यात बायकांना ठरवून मारतो, कारण बायका राहिल्या तर वसाहत वाढेल. ब्रह्मपुरी-नागपूरकडचे माझे वाचणारे मित्र या पानांवरून झरकन पुढे जातात असं मी पाहिलंय. पीडित माणसाने हिशेब करून केलेली कत्तल आपल्याला पचत नाही, म्हणून आपण ती वाचून न वाचल्यासारखी करतो. लेखिकेने मात्र ती झाकलेली नाही. सेल्व्हरला त्याचे लोक देव मानू लागतात, आणि हा देव काय घेऊन आला हे त्याला स्वतःला पुरतं माहीत आहे. शेवटी तो सांगतो ते एवढंच की, आम्हाला मारता येत नाही असं सोंग यापुढे घेता येणार नाही.

कादंबरीचा हा गाभा मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो मान्य करायला दूरच्या ग्रहावर जायची गरज नाही. ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये इंद्रावतीच्या काठी, बोरिया-कसनासूरच्या जंगलात ४० नक्षलवादी मारल्याचं पोलिसांनी सांगितलं. खबऱ्या ठरवून मारलेले गावकरी आणि दोन बंदुकांच्या मध्ये सापडून गेलेले लोक यांच्या तारखा तर गावाबाहेर कुणी लक्षातही ठेवत नाही. आता २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नक्षलवादी नेता भूपती आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुका मोजून घेतल्या, फोटो निघाले. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे शिकलं गेलं ते बंदुकीसोबत जमा होत नाही. शेजाऱ्याशी जमिनीचा तंटा असला की त्याचं नाव ‘वर’ कळवायची सोय गावागावांत झाली होती. ती सवय अजून आहे, फक्त ‘वर’ म्हणजे कोण, ते बदलतं. ले ग्विन यांना हे १९६८ मध्ये दिसलं होतं. हिंसा जिंकली की हरली हा प्रश्न त्यांनी दुय्यम मानला. ती एकदा आत आली की घरातलीच होते, हे त्यांनी मुख्य मानलं.

मराठीत या प्रश्नाला भिडलेलं पुस्तक आपल्याकडे आहेच. हेमलकशाला राहिलेल्या विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी. ती विज्ञानकथा नव्हे. पण एक साधा माडिया आदिवासी माणूस हातात बंदूक घेण्यापर्यंत कसा येऊन पोचतो, हाच प्रवास तिथेही आहे, आणि माझ्या मते तो जास्त खडतर आहे. तिथे एकटा डेव्हिडसन नाही. तिथे जंगलातला गार्ड आहे, व्यापारी आहे, ठेकेदार आहे, पोलीस आहे, प्रत्येक जण थोडा थोडा. कुणी एकच माणूस सैतान असता तर काम सोपं होतं. डेव्हिडसनबद्दल खुद्द ले ग्विन यांनीही पुढे प्रस्तावनेत कबुली दिली आहे की, तो निव्वळ दुष्ट उतरला, आणि निव्वळ दुष्ट माणूस असतो असं त्यांना वाटत नव्हतं. रागात लिहिलेल्या पुस्तकाचं हे होतंच. तरी डेव्हिडसनच्या डोक्यात शिरून लिहिलेली प्रकरणं वाईट नाहीत. ‘मी वास्तववादी आहे’, ‘हे लोक आळशी आहेत’, ‘कुणीतरी हे करायलाच हवं होतं’ ही त्याची वाक्यं आलापल्लीच्या चहाच्या टपरीवर बसून कुणीही ऐकावीत. फक्त टपरीवरचा माणूस ती बोलून झाल्यावर घरी जातो, पोरांचा अभ्यास घेतो, एखाद्या आजारी माडिया बाईला आपल्या गाडीतून दवाखान्यातही सोडतो. हा माणूस ले ग्विन यांना लिहिता आला नाही.

आता मुख्य भांडण.

अथ्शेचे लोक निष्पाप आहेत. त्यांच्यात खून नाही, बलात्कार नाही, युद्ध नाही. पुरुष स्वप्नं पाहतात, जागेपणी आणि झोपेत, आणि म्हाताऱ्या बायका कारभार चालवतात. वाचताना छान वाटतं. शेजारच्या बस्तरमधल्या माडियांवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ आहे. त्यांनी खुनाचे शंभर खटले घेऊन बसून पाहिले: संशय, दारू, मत्सर, करणी-भानामतीचा आरोप, जमिनीची वाटणी. म्हणजे आपल्याकडे चंद्रपुरात नि पुण्यात ज्या कारणांनी माणूस माणसाला मारतो, तीच. एल्विन आदिवासींवर जीव लावून बसलेला माणूस होता, त्यांना बदनाम करायला त्याने हे लिहिलं नाही. उलट, त्याने त्यांना पूर्ण माणूस मानलं म्हणून लिहिलं. भामरागडचे डोंगरी माडिया आणि एल्विनने पाहिलेले बायसन-हॉर्न माडिया एक नव्हेत हे मला माहीत आहे. मुद्दा आकड्यांचा नाही. जंगलात राहिल्याने माणूस धुतल्या तांदळासारखा होतो हा जो समज शहरी वाचक उराशी धरून असतो, त्याचा आहे.

आणि बायका. अथ्शेवर बाईच्या शब्दाला मान आहे. भामरागडच्या कित्येक गावांत पाळी आलेल्या बाईला गावाच्या कडेच्या कुर्मा घरात जाऊन राहावं लागतं. मी पाहिलेलं एक घर सांगतो. कमरेत वाकून शिरायचं दार, खिडकी नाही, कुडाच्या भिंतीला मधोमध फट, आत जमिनीवर अंथरलेलं एक पोतं आणि कोपऱ्यात जर्मनचं एक भांडं. पावसाळ्यात तिथे साप निघतो हे बायका हसत हसत सांगतात. अलीकडे काही ठिकाणी पक्की कुर्मा घरं बांधून झाली, त्यात संडास-पाणी आलं, आणि त्यावरही वाद आहे: सुधारून दिली की रूढीच पक्की होते, असं काहींचं म्हणणं. हा वाद माडिया बायकाही घालतात. अथ्शेच्या जंगलात असा वाद घालायला जागाच नाही. तिथे आतल्या आत काही चुकत नाही, जे चुकतं ते सगळं बाहेरून येतं.

एवढी हुशार बाई असं का लिहिते? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या घरात आहे. वडील आल्फ्रेड क्रोबर, अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा उरलेला माणूस जंगलातून बाहेर आला, त्याला क्रोबर यांनी विद्यापीठाच्या संग्रहालयात आणून ठेवलं, इशी म्हणून हाक मारली. १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. ले ग्विन यांच्या आई थिओडोरा यांनी १९६१ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. ज्या घरात एका संपूर्ण जमातीचा शेवट जेवणाच्या टेबलावर येऊन गेला, त्या घरातल्या मुलीला गेलेल्यांबद्दल वाईट बोलवत नसेल. मेलेल्या माणसाचे दोष आपणही काढत नाही. पण माडिया मेलेले नाहीत. ते भामरागडच्या बाजारात मोबाइलचं कव्हर घासाघीस करून घेत आहेत. जिवंत माणसांना मयताची सवलत दिली की ती सवलत राहत नाही, तो त्यांना मोडीत काढण्याचाच एक सभ्य प्रकार होतो.

याहून मोठी अडचण राजकीय आहे. जंगल त्यांचं, का? तर ते निष्पाप आहेत म्हणून, झाडांशी एकरूप आहेत म्हणून. असं एकदा मानलं की उद्या एखाद्या गावाने दारू जास्त गाळली, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी सागाची दोन झाडं चोरून विकली, की लगेच म्हणता येतं: बघा, हे काही आता तसे राहिले नाहीत. आणि हे म्हणणारे पुष्कळ आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्काला निष्पापपणाची अट घातली नाही, ही त्याची सर्वांत शहाणी गोष्ट. कायदा विचारतो, तू इथे कधीपासून राहतोस. तू चांगला आहेस का, असं विचारत नाही. सातबारा काढायला आलेल्या शेतकऱ्याला तलाठी कधी विचारतो का, बायकोशी नीट वागतोस ना?

या कादंबरीची गोष्ट मी शाळेतल्या एका माडिया सहकाऱ्याला सांगितली. आम्ही पर्लकोटेच्या पुलावर उभे होतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, ते लोक मीठ कुठून आणत होते?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण पुस्तकात मिठाचा प्रश्न नाही. समुद्र जवळ आहे म्हटलं तर म्हणाला, “मग कोण भरतो? कोण विकतो?” त्याच्या आजोबांच्या वेळी व्यापारी मापाला माप देत: पायलीभर चारोळी घ्यायची, पायलीभर मीठ द्यायचं. ही लूट इथे घराघरात माहीत आहे. पण लूट झाली कारण मीठ हवंच होतं. सगळ्या वैचारिक चर्चेत हा एक प्रश्न मला जड वाटतो. जंगल कधीही पुरेसं नव्हतं. मीठ, लोखंडाचं पातं, कापड, पुढे कुनैनची गोळी, यांसाठी जंगलाला बाजाराची वाट धरावीच लागली. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर जाऊन पाहावं. सत्तर-सत्तर पानांची पुडकी रांगेत उन्हात मांडलेली, दिवाणजी रांगांमधून मोजत फिरतोय, एखादं पुडकं उचलून सोडतो आणि दोन पानं कमी म्हणून बाजूला टाकतो, आणि ज्या बाईचं ते पुडकं आहे ती त्याच्याशी माडियात भांडते, तो मराठीत उत्तर देतो, दोघांनाही सगळं कळतं. वर्षाचा कपडालत्ता, पोरांच्या वह्या, दवाखाना, सगळं त्या पुडक्यांवर. अथ्शेवर असली फळी असती तर सेल्व्हरचा लढा भावाचा झाला असता, आणि मला ती कादंबरी जास्त आवडली असती.

आजाराचंही तेच. कादंबरीतल्या जंगलात कुणी तापाने फणफणत नाही. महाराष्ट्रातला हिवताप सर्वांत जास्त असणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे, आणि जिल्ह्यात भामरागडचा पट्टा. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी सुरू केली आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले, तेव्हा बाहेरून आलेल्या त्या माणसांची गरज होती की नव्हती, हे ज्याचं मूल त्या दवाखान्यात वाचलं त्याला विचारावं.

यावरून ल्युबोव्हकडे येतो. राज ल्युबोव्ह हा कादंबरीतला अभ्यासक. पृथ्वीचाच, पण सेल्व्हरचा मित्र. त्याने सेल्व्हरला डेव्हिडसनच्या हातून सोडवलं, त्याची भाषा शिकला, अहवाल लिहिले, कुणी वाचले नाहीत. मग एक सुंदर प्रसंग येतो. जंगलात सेल्व्हर त्याला भेटतो, शहर सोडून थोडे दिवस दूर जा म्हणतो. ल्युबोव्हला कळतं की हल्ला होणार. परत येऊन तो अहवाल लिहितो आणि सेल्व्हर भेटल्याचं गाळतो. एक नाव गाळायचं, बस. त्या न लिहिलेल्या ओळीत तो दोन्हीकडच्यांचा झाला आणि दोन्हीकडून गेला. कादंबरीतला हा सर्वांत खरा माणूस. आमच्यासारख्या सगळ्या शिक्षक, नर्स, ग्रामसेवक, संस्थावाल्यांना हे गाळणं ओळखीचं आहे. रात्री गावात कोण जेवून गेलं, हे सकाळी चौकीवर विचारलं जायचं, आणि आपण पटपडताळणीच्या गोष्टी बोलत राहायचो.

पण ल्युबोव्ह त्या हल्ल्यात मरतो. इथे मला लेखिकेने सोपा रस्ता धरल्यासारखं वाटतं. मेलेला ल्युबोव्ह हुतात्मा. खऱ्या आयुष्यात ल्युबोव्ह मरत नाहीत. ते बदली करून घेतात. पुण्याला सत्कार होतो, पुस्तक निघतं, जंगलातल्या दिवसांवर व्याख्यानं देत फिरतात. किंवा इथेच राहतात आणि हळूहळू गावाच्या वतीने बोलू लागतात, आणि गावाने स्वतः तोंड उघडलं की थोडे दुखावतात. जिवंत उरलेल्या ल्युबोव्हचं काय करायचं, यावर एखादी कादंबरी व्हायला हवी. आपल्या विज्ञानकथेने हा प्रदेश फारसा चाचपलेला नाही. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये धोका यंत्राकडून येतो, प्रयोगशाळेत येतो, आणि तो प्रश्न आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गदारोळात ताजाच आहे. पण दोन समाज एका जंगलात येऊन ठेपले की काय होतं, हा प्रश्न आपण वास्तववादी कथेवर सोडून दिला. तो विज्ञानकथेला जास्त झेपला असता, कारण तिथे शेवट बदलून पाहता येतो.

ले ग्विन यांनी निवडलेला शेवट असा: दूरच्या ग्रहांच्या संघाचे दूत येतात, चौकशी होते, वसाहत गुंडाळली जाते, जहाज माणसांना घेऊन निघून जातं. यापुढे अथ्शेवर कुणी वस्ती करायला येणार नाही. न्याय झाला, पण वरून. निर्णय घेणारे सज्जन निघाले म्हणून. ते तसे नसते तर? भामरागडातून कुठलंच जहाज परत जाणार नाही. रस्ता झाला, पूल झाला, टॉवर उभा राहिला, आणि यातलं बरंचसं लोकांनी मागून घेतलं. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर, जिथे ठाकुरदेवाची यात्रा भरते, २०२१ पासून लोहखनिज निघतंय. खाण वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायची म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जनसुनावणी झाली, ती डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, लांब गडचिरोलीत. त्याच खाणीवर आज माझ्या शाळेतून दहावी झालेली पोरं कामाला आहेत, युनिफॉर्म घालून सेल्फी टाकतात. त्यांना डेव्हिडसनचे हस्तक म्हणायचं की सेल्व्हरचे नातू? कादंबरीत दोनच खुर्च्या आहेत आणि ही पोरं कुठल्याच खुर्चीत बसत नाहीत.

तिसरी खुर्ची आहे, हे मात्र या जिल्ह्यानेच दाखवलंय. मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवाना हातात घेतला. ज्या बांबूपासून बल्लारपूरला कागद व्हायचा, तो बांबू वर्षानुवर्षं कवडीमोलाने जात होता. मेंढ्याने भाव विचारला, निविदा काढल्या, पावत्या ठेवल्या. यात स्वप्न पाहणारा कुणी नव्हता, देवही नव्हता. रात्र रात्र बसून सर्वांचं एकमत होईपर्यंत चालणाऱ्या, भयंकर कंटाळवाण्या बैठका होत्या. भामरागडच्या बाजूनेही २०१७ मध्ये ग्रामसभांनी जिल्हा परिषदेला स्वतःचे उमेदवार उभे केले आणि अ‍ॅड. लालसू नोगोटी निवडून आले. माडिया समाजातला वकील, काळा कोट घालून, कायद्याचं कलम तोंडपाठ. कादंबरीत सेल्व्हरला गुलाम व्हायचं किंवा मृत्यूचा देव व्हायचं एवढेच पर्याय दिले आहेत. तो जिल्हा परिषदेत निवडून येऊन बांधकाम समितीच्या बैठकीत वैतागतोय, हे दृश्य ले ग्विन यांना सुचलं नाही, आणि लंडनला बसून ते सुचणं कठीणही होतं.

पुस्तक मी त्या सहकाऱ्याला देऊ केलं. इंग्रजी वाचायला वेळ लागेल म्हणाला, पण शेवट काय तो आधीच सांगून टाका. मी जहाज निघून जातं आणि पुढे वस्तीला बंदी येते ते सांगितलं. त्याला आवडलं. “बंदी चांगली आहे,” तो म्हणाला, “फक्त कोणाला सोडायचं त्याची यादी ग्रामसभेकडे पाहिजे.” मी म्हटलं, यादीत मास्तर बसेल का? त्यावर ठराव घ्यावा लागेल, असं त्याने सांगितलं, आणि कोरम पूर्ण होत नाही ही गेल्या सभेची तक्रार सुरू केली.